सतेजचं वाण

ऋतुजा शेवाळेनं त्या संक्रांतीला वाण स्वतःच्या हातानं भरलं, आणि भरताना एक थेंबही सांडू दिला नाही.

बोटभर उंचीची काचेची कुपी होती. वर सोनेरी टोपण, आत घोटभर पिवळसर औषध, संत्र्याच्या चवीचं. औषधाचं नाव सतेज. निम्म्या महाराष्ट्रानं ते घेतलं होतं आणि धडधाकट माणसाचं त्यानं भलंच व्हायचं. पण ही कुपी धडधाकट माणसासाठी नव्हती. ती कल्याणीताई राजमान्यांसाठी होती, आणि कल्याणीताईंच्या डाव्या स्तनात काय दबा धरून बसलंय हे ऋतुजाला पक्कं ठाऊक होतं.

"भरलीस?" स्वयंपाकघरातून आईनं विचारलं.

"भरली."

"खरं औषध घातलंस ना? का ऐन वेळी दया येऊन पाणी भरलंस?"

"खरं घातलंय, आई."

"मग ठीक आहे," असं म्हणून आई पुन्हा तीळ भाजायला लागली. थोरल्या लेकीच्या फोटोला हार घातल्यापासून या बाईच्या डोळ्याला पाणी आलेलं कुणी पाहिलं नव्हतं. तिला एकच हवं होतं. सोनल जशी गेली तशीच ती बया जायला हवी.

आता सतेज म्हणजे काय हे सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही, तेव्हा जरा दम धरा. आपण श्वास घेतो, तो प्राणवायू पेशीपेशीत जळतो आणि त्यातून आपल्याला ताकद मिळते. पण जळणं आलं की ठिणग्या आल्याच. या ठिणग्या म्हणजे प्राणवायूचेच बिथरलेले रेणू, भेटेल त्याला ओरबाडणारे. डीएनएला भिडले की त्यातला मजकूर बिघडवतात, आणि असे बिघाड साचत गेले की एखादी पेशी ताळतंत्र सोडून वाढायला लागते. कॅन्सरची सुरुवात बऱ्याचदा अशी होते. निसर्गानं याचा बंदोबस्त करून ठेवलाय. सुपरऑक्साइड डिसम्युटेज नावाचं एन्झाइम ठिणगीला पकडून तिचं हायड्रोजन पेरॉक्साइड करतं, मग कॅटलेज आणि ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज ही दोघं मिळून त्या पेरॉक्साइडचा निकाल लावतात, शेवटी उरतं साधं पाणी. वय वाढतं तशी ही फौज दमते. सतेजच्या घोटात या एन्झाइमांची कृती लिहिलेले आरएनए होते, चरबीच्या अतिसूक्ष्म थेंबांत भरलेले, स्वतःच्या नकला काढत टिकणारे. एकदा प्यायलं की वर्षभर शरीर ही एन्झाइमं भरभरून बनवायचं. म्हणून दर संक्रांतीला एक कुपी.

पण त्यात एक मेख होती. कॅन्सरची पेशी इतकी हावरटासारखी जळते की ती स्वतःच सतत ठिणग्यांच्या माऱ्यात असते. म्हणून तर कितीतरी बारीक गाठी वर्षानुवर्षं नुसत्या दबून राहतात. त्यातली एखादी पेशी सुटून रक्तात उतरलीच, तर बहुतेक वेळा तिथल्या ठिणग्याच तिला संपवतात. आणि अशा पेशीला बाहेरून एन्झाइमांची कुमक पोचवली तर? दाराशी राखणदार बसवायचा तो चोर शिरायच्या आधी. चोर घरात असताना बसवला तर तो चोराचीच राखण करणार.

हे ऋतुजाला कुणी शिकवायची गरज नव्हती. सतेज बनवणाऱ्या चमूत ती होती, आणि ही मेख हुडकली होती तिनंच.

औषधाच्या चाचण्या चालू होत्या तेव्हाची गोष्ट. रक्तात कॅन्सरच्या डीएनएचे तुकडे सापडतात का हे बघणारी एक तपासणी तेव्हा नुकतीच आली होती. प्रयोगशाळेत तिला सगळे 'ठिपका' म्हणायचे. ठिपका निघालेल्या, पण बाहेरून ठणठणीत असलेल्या बायकांनी सतेज घेतलं तेव्हा त्यांच्यातल्या बहुतेकींच्या गाठी वर्षाच्या आत उसळल्या. ऋतुजा धावतच कंपनीच्या मालकीणबाईंच्या खोलीत गेली होती.

कल्याणीताईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. बाई काही मूर्ख नव्हती आणि दुष्टही दिसत नव्हती. उंचीपुरी, खणखणीत आवाजाची, समोरच्याच्या खांद्यावर हात ठेवून बोलणारी.

"अशा बायका थोड्याच ना?"

"थोड्या आहेत, मॅडम. पण आधी ठिपका तपासला तर त्याही वाचतील. तपासणीशिवाय कुपी द्यायची नाही, एवढा एकच नियम करा."

"अगं, तपासणी म्हटलं की आपल्या बायका उंबऱ्याबाहेर पडत नाहीत. माझी आई नाही पडली. काही निघालं तर, या धास्तीनंच गेली ती. त्यांना औषध असं हसतखेळत मिळायला हवं." मग कल्याणीताईंचे डोळे चमकले. "हळदीकुंकवात द्यायचं. वाण म्हणून! वाणाला कुठली बाई नाही म्हणते?"

आणि खरंच कुठली म्हणाली नाही. 'तपासणीचा सल्ला घ्यावा' हे वाक्य कुपीच्या बुडाला मुंगीएवढ्या अक्षरांत छापलं गेलं. कल्याणीताईंच्या हळदीकुंकवाला लग्न झालेल्या, न झालेल्या, टाकलेल्या, नवरा गेलेल्या अशा सगळ्या बायकांना बोलावणं असायचं. त्याबद्दल पेपरांनी त्यांना डोक्यावर घेतलं. कराडपासून सुरू झालेलं सतेजचं वाण गावोगाव गेलं.

पहिल्याच वर्षी ते सोनललाही मिळालं. ऋतुजानं पुण्याहून फोन करून तिला बजावलं होतं, "ताई, ती कुपी घेऊ नकोस हं. रविवारी मी येतेय, आधी तुझं रक्त तपासू." सोनल हसली होती. "अगं, घेतली मी. आई म्हणाली, भरल्या हातानं दिलेलं वाण, ते काय परत करायचं असतं होय?"

सोनलच्या आतड्यात कधीपासूनचा एक ठिपका गुपचूप पडून होता. पुढच्या दिवाळीला त्यानं यकृत गाठलं आणि होळीच्या आत सोनल संपली. शेवटी शेवटी ती आईच्या हातचं पाणीही घेईना, मान वळवायची. आई ते कधीच विसरली नाही.

ऋतुजा नोकरी सोडून कराडला आली, आईजवळ राहिली, रक्त-लघवी तपासायची छोटी प्रयोगशाळा काढली. सतेजबद्दल ती बोलली नाही असं नाही, घसा बसेपर्यंत बोलली. कंपनीच्या वकिलांनी नोटीस पाठवली आणि कल्याणीताईंनी कॅमेऱ्यासमोर डोळे पुसत सांगितलं, "बहीण गेल्यापासून बिचारीच्या मनावर परिणाम झालाय. आपण सगळ्यांनी तिला सांभाळून घेऊ या." झालं! बायका ऋतुजाशी लहान मुलाशी बोलावं तसं बोलायला लागल्या. समोरच राहणाऱ्या, शाळेतून निवृत्त झालेल्या तांबेबाईंनी तर तिला ध्यानधारणेच्या वर्गाचा पत्ता दिला. त्या दिवशी ऋतुजानं उशीत तोंड खुपसून जी शिवी दिली ती इथं लिहिता येणार नाही.

गेल्या वर्षी हळदीकुंकवाचं प्रक्षेपण बघताना मात्र तिच्या एक गोष्ट ध्यानात आली. व्यासपीठावर कल्याणीताईंनी कुपी कपाळाला लावली आणि बटव्यात टाकली. "घरी देवापुढे ठेवून मगच घेते मी," त्या हसत म्हणाल्या. ऋतुजानं मागची सगळी वर्षं काढून बघितली. दर वर्षी कपाळ, दर वर्षी बटवा. एकदाही ओठ नाही.

ती जागच्या जागी उठून उभी राहिली. चाचण्यांच्या काळात कंपनीतल्या सगळ्यांचंच रक्त तपासलं होतं. कल्याणीताईंचं ऋतुजानंच तपासलं होतं आणि तो ठिपकाही तिनंच त्यांना दाखवला होता. डाव्या स्तनातला, अगदी बारीक, झोपलेला. डॉक्टरांनी नुसती नजर ठेवायला सांगितली होती. म्हणजे स्वतःच्या ठिपक्याला बाई इतकी जपत होती! गावातल्या बायकांना ओंजळीनं वाटत होती आणि स्वतः थेंबाला शिवत नव्हती. ऋतुजाच्या डोक्यात तिडीक गेली. रुग्णाचं गुपित बाहेर सांगायचं नसतं, हा नियम तिला पाठ होता. तिनं तो मोडायचंही ठरवलं नाही. तिनं फक्त वाण द्यायचं ठरवलं.

घेतलं नाही तर सगळ्या गावासमोर विचारायचं, का घेत नाही? आणि घेतलं तर, मग काय, घेतलंच. कसंही झालं तरी बाई कात्रीत सापडणार. हे आईला सांगितलं तेव्हा कितीतरी दिवसांनी आईनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

संक्रांतीला मंगल कार्यालय खचाखच भरलं होतं. काळ्या साड्या, अबोलीचे गजरे, अत्तराचा घमघमाट, आणि डोक्यावर माश्यांसारखे भिरभिरणारे बारीक कॅमेरे. व्यासपीठावर कल्याणीताई, आणि शेजारी त्यांची नवी सून ईशिता. तिची पहिली संक्रांत होती, त्यामुळे गळ्यापासून कमरेपर्यंत हलव्याचे दागिने घालून पोरगी नुसती अवघडून उभी होती. बायकांनी नावासाठी गलका केला. तिनं माईक हातात घेतला आणि लाजत उखाणा घेतला, "काळ्या चंद्रकळेवर पांढरा हलव्याचा साज, शौनकचं नाव घेते, संक्रांत आहे आज!" टाळ्या पडल्या, कुणी शिट्टीही मारली. प्रत्येकीच्या हातात या वर्षीची कुपी आधीच पडली होती. टोपणं उघडायची ती ताईंनी सांगितल्यावर, सगळ्यांनी एकदम. तसा रिवाजच पडला होता.

नेमक्या त्या क्षणी ऋतुजा ताट घेऊन पायऱ्या चढली.

"अगंबाई, ऋतुजा!" कल्याणीताईंनी क्षणभर तिचा चेहरा निरखला आणि मग हात पसरले. "बघा गं बायांनो, कोण आलंय! माझी लेकच परत आली म्हणायची."

"दर वर्षी तुम्हीच सगळ्यांना देता, ताई," ऋतुजा म्हणाली. "तुम्हाला कुणी देत नाही. म्हटलं, या वर्षी आपण द्यावं."

तिनं हळदीकुंकू लावलं, तिळगूळ दिला आणि कुपी पुढे केली. कल्याणीताईंनी हसून ती कपाळाला लावली. हात सवयीनं बटव्याकडे वळला.

"बटव्यात नको, ताई. इथंच घ्या. माझ्यासमोर."

"घरी देवापुढे ठेवून घेते गं मी."

"सोनलताईनंही देवापुढे ठेवूनच घेतली होती. आज तिच्या नावानं एवढं करा. वाणाला नाही म्हणायचं नसतं, हे तुम्हीच तर आम्हाला शिकवलंत."

"घ्या ताई, घ्या!" खालून बायका ओरडल्या. त्यांना वाटलं, रुसवा निघतोय. कुणीतरी टाळ्यांचा ठेका धरला. कल्याणीताईंच्या ओठांवरचं हसू तसंच होतं, पण टोपण उघडायला अंगठा काही हलत नव्हता. ऋतुजानं ते बघितलं आणि तिच्या जिवाला असा काही गारवा लागला की विचारू नका. पी, तिनं मनात म्हटलं. पी नाहीतर सांग. एवढी वर्षं मी वाट बघितलीय तुझ्या तोंडून खरं ऐकायची.

पण कल्याणीताई उगाच कल्याणीताई झाल्या नव्हत्या. त्या सुनेकडे वळल्या. "घरात पहिली संक्रांत असलेली सून असताना मी म्हातारीनं मान घ्यायचा? छे गं बाई! हे वाण माझ्या ईशिताचं." आणि त्यांनी कुपी सुनेच्या हातात दिली.

बायकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. ईशितानं एका हातातला माईक सावरत अंगठ्यानं सोनेरी टोपण उडवलं.

इथं ऋतुजाच्या मनात काय आलं ते लपवण्यात अर्थ नाही. पिऊ दे, असंच आलं. हिचंही तपासलेलं नसणार. घरातलं तरणंताठं माणूस झिजत जाताना बघणं काय असतं ते या बाईलाही कळू दे. तेवढ्यात पोरीनं मान मागे टाकली, गळ्यातला हलव्याचा हार खुळखुळला, आणि ऋतुजाला एकदम सोनलचा पहिला संक्रांतसण आठवला. असाच हार होता. त्यातले दाणे तोडून तोडून ऋतुजानं खाल्ले होते आणि दोघी खी खी हसल्या होत्या.

तिनं झडप घालून ईशिताचं मनगट धरलं. "नको! पिऊ नकोस. तपासल्याशिवाय नको."

पोरगी दचकली. पण लगेच तिला समोरच्या बाईची कीव आली. बहीण गेलेली ती हीच, हे तिनं घरी ऐकलं होतं. समजूत घालावी तशी ती हसून म्हणाली, आणि माईक अजून तिच्या हनुवटीशीच होता, "घाबरू नका हो, ताई. माझा ठिपका तपासलाय. आईंनी लग्नाआधीच करून घेतला. आमच्या घरात तपासल्याशिवाय कुणीच घेत नाही. आईंना तर डॉक्टरांनी सतेज बंदच सांगितलंय, म्हणून त्या…"

सासूचा चेहरा बघून ती थांबली. काय झालं हे तिला कळेना. पण कार्यालयातल्या शेवटच्या रांगेपर्यंत तिचा शब्द न् शब्द पोचला होता.

टाळ्या थांबल्या. मग पहिल्या रांगेतून तांबेबाई उठल्या, आणि ज्या आवाजानं त्यांनी तीस वर्षं वर्ग गप्प केले होते त्या आवाजात त्यांनी विचारलं, "कल्याणीताई, आमचा कधी तपासला होतात?"

"बाई, बसा ना. मी सांगते…"

"माझ्या भावजयीचा तपासला होता? तिला तीन वर्षं तुम्ही स्वतःच्या हातानं दिलीत. सांगा की!"

तांबेबाई काठी टेकत पुढे आल्या आणि हातातली कुपी त्यांनी व्यासपीठाच्या कडेवर ठेवली, टक्कन आवाज होईल अशी. जाताना त्या ऋतुजासमोर थांबल्या. तिचा दंड घट्ट दाबला. त्यांच्यामागून डोक्याला रुमाल बांधलेली एक बाई उठली. मग आणखी एक, मग रांगाच्या रांगा. कुणी कुपी ठेवत होती, कुणी आदळत होती, कुणी रडत विचारत होती की मी तर दर वर्षी घेतलीय, आता माझं काय? ऋतुजा प्रत्येकीला एकच सांगत होती, "उद्या सकाळी माझ्याकडे या. मी तपासते."

गर्दीत कल्याणीताईंनी तिला गाठलं. आवाज अगदी खाली गेला होता. "त्या कुपीत काय होतं? पाणी ना?"

"सतेज. तुमचंच."

"म्हणजे मी प्यायले असते तर?"

"तर मी गप्प उभी राहिले असते, ताई." ऋतुजानं त्यांच्या डोळ्यांत बघून सांगितलं. "अगदी शेवटपर्यंत गप्प."

कल्याणीताईंनी सुनेकडे बघितलं. ईशिता एका बाजूला होऊन गळ्यातला हलव्याचा हार काढत होती. दोरा तुटला, दाणे व्यासपीठभर पसरले, तरी ती वाकली नाही. ऋतुजाला वाईट वाटायला हवं होतं. नाही वाटलं.

घरी आली तर आई दारातच उभी. "प्यायली?"

"नाही."

आईचा चेहरा पडला. "मग गेलीस कशाला?" एवढंच बोलून ती आत जाऊन भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. ऋतुजानं सगळं सांगितलं.

सकाळी प्रयोगशाळेपुढे रांग लागली, ती वळून पार चौकापर्यंत गेली. आई मात्र पडद्यासमोर बसून राहिली होती. पडद्यावर राजमान्यांचा बंगला दिसत होता. आसपासच्या गावांहून बायका येत होत्या आणि कुप्या फाटकाशी ठेवून जात होत्या. भरलेल्या, रिकाम्या, जुन्या, नव्या. आत पोलिसांची गाडी उभी होती. आईनं ते बराच वेळ बघितलं. मग उठली, देव्हाऱ्यातून हळदीकुंकवाचे डाग पडलेली एक रिकामी कुपी काढली आणि लुगड्याच्या पदरानं स्वच्छ पुसली. सोनल गेल्यापासून ती तिथंच होती, ऋतुजाला कधी दिसली नव्हती.

रक्त घेता घेता ऋतुजानं वर बघितलं तर आई चपला घालून दारात उभी होती. "चल जरा माझ्याबरोबर. मग माझंही रक्त घे. मीपण प्यायलेय ते."

आई ऋतुजाला घेऊन बंगल्यापर्यंत चालत गेली. फाटकाशी ढीग होता, पण तिनं तिथं कुपी ठेवली नाही. पोलिसाला बाजूला सारून ती आत गेली, पायऱ्या चढली आणि दार वाजवलं. दार कल्याणीताईंनीच उघडलं. कपाळावर कुंकू नव्हतं, केस सुटलेले. एका रात्रीत बाई म्हातारी झाली होती.

आईनं तिचा हात ओढून उघडला, तळव्यावर ती रिकामी कुपी ठेवली आणि बोटं एकेक करून मिटवली.

"माझ्या सोनलचं वाण परत करायला आलेय," ती म्हणाली.